घाडींनी जोडलेल्या दोन अर्ध्या नळ्या

प्रिय रेवा आणि ईशान,

परवा फोनवर रेवाने विचारलं, "आजी, अँटिबॉडीचा तुकडा एकटा असला की त्याचा गोळा का होतो, आणि जोडीदार मिळाला की तो शहाण्यासारखा का वागतो?" कॉलेजातल्या कुठल्याशा निबंधासाठी तिला हे हवं होतं. मी वीस मिनिटं बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की उत्तर तर दिलं, पण ज्या माणसामुळे ते उत्तर मला मिळालं त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. हे काही बरं नाही. त्या माणसाला ओळखणारे आम्ही आता मोजकेच उरलो आहोत, म्हणून आज टेबल आवरून, चष्मा पुसून बसले आहे. मराठीत लिहिते आहे, कारण हा माणूस इंग्रजीत नीट उतरणार नाही. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही अडला तर मला कळवा. तिला अडला, हेही मुद्दाम कळवा.

त्यांचं नाव विश्राम घाडी. परळला आमची जी संशोधन संस्था होती, तिथे माझ्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. घाडींची पहिली खासियत अशी, की त्यांना काचेपलीकडचं बोलणं कळायचं. खरं तर त्यांचे कान अधू होते. पण माणूस बोलताना त्याच्या ओठांकडे बघून ते अख्खं वाक्य उचलायचे. कामाला लागून त्यांना जेमतेम आठवडा झाला असेल. मी संचालकांच्या केबिनमध्ये जाऊन नव्या फ्रिजसाठी हुज्जत घालून आले, चांगली खुशीत होते. आम्ही सगळे संचालकांना 'मोठे साहेब' म्हणत असू. केबिनला बाहेरून काच होती आणि काचेबाहेर घाडी फडकं मारत उभे होते.

"बाई, फ्रिज मिळाला म्हणून पेढे वाटू नका," ते म्हणाले.

"का? साहेब हो म्हणालेत."

"तुमच्या तोंडावर हो बोलले. तुमची पाठ फिरल्यावर कारकुनाला बोलले, 'पुढच्या वर्षी आठवण करा.'"

फ्रिज पुढच्या वर्षीच आला.

ही विद्या त्यांनी गिरणीत मिळवली होती. ज्या खात्यात यंत्रांचा आवाज एवढा, की शेजारच्या माणसाची हाकही ऐकू येत नाही, तिथे माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात. घाडी होते डबलिंग खात्यात. तिथे सुताच्या दोन एकेरी तारा एकत्र आणून त्यांना पीळ देतात आणि दुहेरी सूत करतात. अकरा वर्षं त्यांनी ते काम केलं, पण 'बदली' म्हणून. बदली म्हणजे कायमचा नव्हे. रोज सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आत घेणार, सगळे आले तर घरी परत. अकरा वर्षं रोज सकाळी दारात उभं राहून आपला नंबर लागतो का ते बघायचं, याची मला तरी कल्पना करवत नाही. मी गिरगावातली, कॉन्व्हेंटातली, लग्नानंतर दादरच्या हिंदू कॉलनीतली. गिरण्या म्हणजे मला बसच्या खिडकीतून दिसणारी धुराडी. संप झाला तेव्हा लालबागवरून जाताना एवढंच जाणवलं की आकाश एकदम स्वच्छ दिसतंय. पुढे हे मी घाडींना सांगितलं, तेव्हा ते हसले. "आमच्या चाळीत पण तेच बोलायचे, बाई. आकाश स्वच्छ, डबे पण स्वच्छ."

संप मिटला असं कोणी कधी म्हणालं नाही, तो नुसता विरत गेला. कायम कामगारांनाच परत घेत नव्हते, तिथे बदलीवाल्याला कोण विचारतो? घाडींनी शिवडीच्या गोदामांत पोती उचलली, माझगावला एका बेकरीत काम केलं, आणि सात-आठ वर्षांनी आमच्याकडे आले. तेही रोजंदारीवर. माझ्या प्रकल्पाचा निधी असेल तोवर ते, असा तो हिशेब.

काचेची भांडी धुण्यात त्यांच्यासारखा माणूस मी पुढे कधी पाहिला नाही. प्रत्येक चंबू उजेडाकडे धरून, फिरवून, एक डोळा मिटून बघायचे. कोणी विद्यार्थी वैतागून आला की "काका, हे नीट धुतलेलं नाही, माझा प्रयोग बिघडला!", तर घाडींचं उत्तर ठरलेलं. "आधी बघा, मग ओरडा." दहातल्या नऊ वेळा बघितल्यावर ओरडायचं काही उरत नसे. दुसरं त्यांचं वाक्य, "पुढची पाळी शिव्या घालील." आमच्याकडे पाळ्या नव्हत्या. साडेपाचला सगळे घरी जायचे. पण घाडींच्या डोक्यात त्यांच्यानंतर यंत्रावर येणारा एक माणूस कायम उभा असायचा, आणि त्याने शिव्या घालू नयेत म्हणून ते जाताना काही म्हणून अर्धवट ठेवत नसत. अर्धी बाटली, अर्धा डबा, अर्धवट पुसलेलं टेबल, काहीच नाही.

दसऱ्याला त्यांनी आमच्या सेंट्रिफ्यूजला, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राला, झेंडूचा हार घातला. त्यात काही वावगं नव्हतं, परळच्या निम्म्या प्रयोगशाळांत यंत्रांची पूजा होत असे. पण घाडींनी यंत्राच्या झाकणावर हात ठेवून डोळे मिटले आणि मला सांगितलं, "डाव्या अंगाला घासतंय." मेकॅनिकला बोलावलं. डाव्या अंगालाच घासत होतं.

आता रेवाचा प्रश्न, म्हणजे पुढचं नीट कळेल. ईशान, तूही वाच, सोपं आहे. आपल्या रक्तातली अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, इंग्रजी वाय अक्षरासारखी असते. तिच्या प्रत्येक हाताच्या टोकाला दोन छोटे भाग शेजारी शेजारी असतात, एक जड साखळीचा आणि एक हलक्या साखळीचा. नमस्कारासाठी दोन तळवे जवळ आणावेत तसे. रोगजंतूला पकडायचं काम या टोकाचं. आम्हाला अख्खी अँटिबॉडी नको होती, फक्त ते टोक हवं होतं. लहान, स्वस्त, आणि आपल्या बॅक्टेरियाकडून करून घेता येईल असं. दोन्ही भाग आम्ही वेगवेगळ्या बॅक्टेरियांत तयार करायचो. तिथे ते गचाळ गोळ्याच्या रूपात मिळायचे, कारण प्रथिन म्हणजे शेवटी एक लांब धागा, आणि तो नीट घडीत बसला नाही तर नुसता गुंता. मग युरियाच्या दाट द्रावणात तो गुंता पुरता सोडवायचा, धागा मोकळा करायचा, आणि थंड खोलीत हळूहळू युरिया काढून टाकायचा, म्हणजे धागा आपोआप घडी घालून आपला आकार घेतो.

हलका भाग बऱ्यापैकी आकार घेत असे. जड भाग मात्र रोज सकाळी नासलेल्या दुधासारखा पांढरा. मी स्वभावाने व्यवस्थित आहे, हे तुमची आई जरा वेगळ्या शब्दांत सांगेल. माझं तत्त्व असं, की आधी प्रत्येकाला वेगवेगळं नीट घडू द्यायचं, आणि दोघं नीट झाले की मग त्यांना एकत्र आणायचं. आठ महिने मी हे तत्त्व चालवलं. आठ महिने दूध नासत राहिलं.

जानेवारीत मोठ्या साहेबांनी आढावा घेतला. बैठक संपल्यावर मी माझ्या खोलीत येऊन बसले, आणि दोन मिनिटांत घाडी चहा घेऊन आले. चहा मी मागवला नव्हता.

"बाई, एक सांगू? तुम्ही निघाल्यावर साहेब बोलले, मार्चपर्यंत वाट बघू, नायतर हे काम बंद."

"तुम्ही परत काचेबाहेर उभे होतात?"

"फडकं मारत होतो." मग कप माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "अजून एक बोलले. मदतनिसाची एक कायम जागा भरायचीय एप्रिलात. माझं नाव यादीत हाय."

हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला, की आता मलाच त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं. वय त्रेचाळीस. मुलगी मंगल दहावीला. माझ्याकडचं काम बंद झालं तर रोजंदारीही गेली, आणि तोवर काही गडबड झाली नाही तर आयुष्यात पहिल्यांदा कायम. गडबडीची तर पाटीच दाराला लावलेली होती. मागे दुसऱ्या एका प्रयोगशाळेत एका रोजंदारीवाल्याने बाटली कमी भरलेली दिसली म्हणून नळाचं पाणी घालून भरली होती, तेव्हापासून साहेबांचा हुकूम असा: 'नमुन्यांत ढवळाढवळ करणाऱ्या रोजंदारी कर्मचाऱ्यास त्याच दिवशी कमी करण्यात येईल.' घाडी रोज ती पाटी पुसत. शाई पुसट झाली की ऑफिसातून नवी टाइप करून आणत.

आणि त्यांनीच ती ढवळाढवळ केली.

झालं असं. युरिया काढण्यासाठी आम्ही द्रावण एका पातळ पडद्याच्या पिशवीत भरायचो, दोन्ही तोंडांना गाठ मारायची, आणि पिशवी थंड खोलीतल्या मोठ्या पातेल्यात सोडायची. माझी विद्यार्थिनी अनघा, हुशार मुलगी, पण तिच्या गाठी सुटायच्या. घाडींची गाठ सुटत नसे. गिरणीत दिवसाला शेकडो तारा जोडलेल्या बोटांची ती गाठ. त्यामुळे संध्याकाळी पिशव्या भरायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. अनघा नळ्यांवर क्रमांक घालून ठेवायची, आणि कोणत्या अँटिबॉडीच्या आहेत ते कळावं म्हणून रंगीत पट्टी लावायची. त्या दिवशी आठ नळ्या होत्या, सगळ्यांवर निळी पट्टी. सहा भरलेल्या, तीन हलक्या भागाच्या, तीन जड भागाच्या. सातवी आणि आठवी अर्ध्या, कारण त्यांतलं थोडं अनघाने दुसऱ्या कामाला वापरलं होतं. सातव्या नळीत हलका भाग, आठवीत जड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थंड खोलीत गेले आणि पिशव्या मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या. सात. आठ क्रमांकाची चिठ्ठी कुठेच नाही. तीन पिशव्या नेहमीप्रमाणे पांढऱ्या, चार स्वच्छ. म्हणजे जड भागाची एक पिशवी हरवली होती. मी बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत अनघाला झाडलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. तुमच्या मनात माझी प्रतिमा बरी आहे, ती राहू द्या. तुमच्या आईला परीक्षेत कमी गुण मिळाले तेव्हासुद्धा मी इतकं बोलले नव्हते. अनघा बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून, पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

घाडी चंबू पुसत होते. त्यांनी चंबू खाली ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एरवी ते मुंबईचं मराठी बोलायचे, पण त्या दिवशी सरळ मालवणीत सुरू झाले.

"तिका कित्याक बोलतास, बाई? ता मियां केलंय."

"काय केलंत?"

"दोन अर्धे होते. एक केलंय."

मला कळेचना. मग त्यांनी सावकाश सांगितलं. गिरणीत बॉबिनीला, म्हणजे सूत गुंडाळायच्या रिळाला, रंग लावलेला असतो. एकाच रंगाची बॉबिन म्हणजे एकाच जातीचं सूत. पाळी सुटताना एका रंगाच्या दोन अर्ध्या बॉबिनी राहिल्या, तर गाठ मारून एक भरलेली करायची. अर्धी बॉबिन ठेवून गेलं तर मधेच संपते, यंत्र थांबतं, आणि पुढची पाळी शिव्या घालते. त्यांनी दोन अर्ध्या नळ्या बघितल्या, दोन्हीवर निळी पट्टी बघितली, आणि अकरा वर्षांच्या सवयीने एकीतलं दुसरीत ओतलं. वर क्रमांक वेगळे होते, पण हातांनी क्रमांक वाचलेच नाहीत.

"पाटी रोज पुसता ना तुम्ही?" मी म्हणाले. माझा आवाज चढलेलाच होता.

"पुसतो."

"मग कळतंय ना, काय सांगताय ते?"

"कळतंय. पण त्या पोरीचा काय गुन्हा?"

बेसिनचा नळ बंद झाला. अनघा वळून आमच्याकडे बघत होती. आणि तेव्हा कुठे, राग पुरता डोक्यात असताना, माझ्या मेंदूच्या मागच्या कप्प्यात काहीतरी खटकलं. चौथी स्वच्छ पिशवी. तिच्यात जर जड भाग होता, तर ती पांढरी का नव्हती?

मी जवळजवळ पळतच थंड खोलीत गेले. मागून अनघा, तिच्यामागून घाडी. सात क्रमांकाची पिशवी चांगली टम्म होती आणि उजेडाकडे धरली तर नळाच्या पाण्याइतकी निर्मळ. घाडी एक डोळा मिटून बघत म्हणाले, "हिच्यात तर काय घाण नाय." दुसऱ्या दिवशी तपासलं, तर आत दोन्ही भाग होते, जड आणि हलका, बरोबरीने. तिसऱ्या दिवशी ते टोक ज्याला पकडायचं त्याला पकडतंय का पाहिलं. घट्ट पकडत होतं. आठवडाभर टेबलावर तसंच ठेवलं, उकाड्यात. तरी निर्मळ.

रेवा, हे तुझं उत्तर. जड भागाची एक बाजू पाण्याला घाबरते, तेलकट म्हण. तो एकटा घडी घालायला लागला की ती बाजू उघडी पडते, आणि शेजारच्या दुसऱ्या जड भागाच्या तशाच उघड्या बाजूला चिकटते. त्याला तिसरा, त्याला चौथा, झाला गोळा. घडी घालतानाच शेजारी हलका भाग असेल, तर ती बाजू त्याच्या आड जाते. हलक्यालाही जडाचा आधार मिळतो. आधी प्रत्येकाला वेगवेगळं शहाणं करून मग जोडायचं, हे माझं तत्त्वच उलटं होतं. ते दोघं एकमेकांच्या सोबतीनेच शहाणे होतात. मी हे घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं. तुमचे आजोबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "आठ महिने लागले होय? मला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं." कोण जड आणि कोण हलकं, हे मी विचारलं नाही.

पण घाडींचं काय? अनघा माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, वहीत लिहू की आपणच ठरवून दोन्ही एकत्र केलं. कोणाचंच नुकसान नाही. काकांची जागा राहील, आपलं काम राहील."

खरं सांगते, मी पेन उघडलं होतं. माझ्या मनातही तेच होतं. शिवाय सगळ्यांच्या देखत तिला बोलले होते, त्याची शरमही होती. तेवढ्यात दाराच्या काचेवर टकटक झाली. घाडी बाहेर उभे होते. अर्थातच त्यांना सगळं कळलं होतं.

"बाई, ठरवून केलं म्हणून लिवलात, तर किती किती घातलं ते काय लिवणार?"

मी पेन खाली ठेवलं. कोणालाच माहीत नव्हतं. अनघाने लगेच पाण्याने भरलेल्या दोन नळ्या आणल्या. घाडींनी बोट लावून दाखवलं: ही एवढी होती, ही जरा जास्त, हिच्यातलं सगळं ओतलं, वर फेस आला म्हणून थोडं थांबलो, मग गाठ मारली. आम्ही मापं टिपून घेतली. पुढे कळलं की हलका भाग किंचित जास्त असणं, हेच त्यातलं मर्म होतं. सारखे सारखे घेतले तर थोडं दूध नासतंच.

"आता खरं लिवा," घाडी म्हणाले. "उद्या ह्या वहीवरून कोण करायला बसला आणि त्याला जमलं नाय, तर तो कोणाला विचारणार?"

"तुमची जागा जाईल, घाडी."

"ती अजून मिळाली कुठे?" ते हसले, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "घरी मंगलच्या आईला सांगितलंय काल. ती बोलली, अकरा वर्षं दारात उभा राहिलास, अजून थोडा राहा."

मी वहीत जसं घडलं तसं लिहिलं, घाडींच्या नावासकट. अनघाला मी उगीच बोलले, तेही लिहिलं. आणि वही घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले. ते शिस्तीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सावकाश वाचलं, एक पान उलटून मागे गेले, पुन्हा वाचलं, आणि घाडींना आत बोलावलं.

"दारावरची पाटी वाचली आहे?"

"मीच बदलतो ती, साहेब."

"मग सांगितलंत कशाला? गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं."

"पोरीला बोलणी बसली, साहेब. तिने केलं नव्हतं."

"आणि तिला बोलणी बसली नसती तर?"

घाडींनी विचार केला. खोटं बोलायला वेळ लागतो तसा नव्हे, खरोखरच विचार केला. "तर बहुतेक गप्प बसलो असतो, साहेब. पाटीची भीती वाटते."

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "ठीक आहे, जा." मला वाटलं, संपलं.

एप्रिलात ती कायम जागा दुसऱ्याला मिळाली. हे मी सौम्य करून सांगणार नाही. साहेब म्हणाले, नियम माझाच आहे, तो मोडलेल्या माणसाला त्याच वर्षी कायम केलं तर त्याला काही अर्थ उरत नाही. मी वाद घातला, आवाजही चढवला, उपयोग झाला नाही. पण घाडींना काढलं नाही, प्रकल्प चालू राहिला, आणि त्याच आठवड्यात दारावरची पाटी नाहीशी झाली. तिच्या जागी एका दोरीला जाड पुठ्ठ्याची वही टांगलेली. पहिल्या पानावर साहेबांच्या अक्षरात: 'हातून झालेली चूक त्याच दिवशी येथे स्वतःच्या नावाने लिहावी. लिहिलेल्या चुकीबद्दल कोणासही शिक्षा होणार नाही.' पहिली नोंद घाडींनी केली, सातवी शिकलेल्या माणसाच्या गोल, जपून काढलेल्या अक्षरात. दोन अर्ध्या नळ्या एक केल्या, पट्टी बघितली, नंबर बघितला नाय. दुसरी नोंद माझी आहे. ती काय आहे ते तुम्ही ओळखलंच असेल.

घाडी आणखी दोन वर्षं रोजंदारीवर राहिले. रोज साडेआठला हजर, कपाळाला आठी नाही. कायम झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मालवणी खाजे वाटले, आलं-गुळाच्या पाकातल्या बेसनाच्या कांड्या. माझ्या टेबलाशी येऊन पत्र उजेडाकडे धरलं, फिरवलं, एक डोळा मिटला.

"काय बघताय, घाडी?"

"आधी बघतो. मग ओरडतो."

आणि खरंच ओरडले. कधी नव्हे ते मोठ्याने, मालवणीत. काय ओरडले ते मला कळलं नाही, पण कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

आमचं काम पुढे एका चांगल्या मासिकात छापून आलं. परदेशात कोणीतरी आमच्या आधीच असंच काहीसं करून ठेवलं होतं, हे नंतर कळलं. तिकडे त्यांनी ते ठरवून केलं होतं. लेखाच्या शेवटी आभारात घाडींचं नाव होतं. त्या पानाची झेरॉक्स त्यांनी चाळीतल्या घरात गणपतीच्या फोटोखाली लावली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "माझी चूक छापून आलीय."

ते निवृत्त झाले आणि मंगलने त्यांना बदलापूरला आपल्या घरी नेलं. एकदा मी आणि अनघा भेटायला गेलो होतो. कान पुरते गेले होते, पण आम्ही दारात चपला काढताना आपसांत काय कुजबुजलो ते त्यांनी आतून, पलंगावरून, जसंच्या तसं सांगितलं. आम्ही म्हणत होतो की ते फार खंगलेत. "खंगलो नाय, वाळलो," ते म्हणाले. दोन महिन्यांनी ते गेले. मी अंत्ययात्रेला पोहोचू शकले नाही. हे मला अजून बोचतं.

त्यांची गिरणी आता नाही. तिथे उंच काचेची इमारत आहे. आमची संस्था आहे, इमारत बदलली आहे. मोठे साहेब गेले, मी निवृत्त झाले. अनघा आता त्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले होते. दाराजवळ दोरीला वही टांगलेली होती. ती पाचवी वही आहे. आधीच्या चार कपाटात ठेवलेल्या आहेत. त्यांत लिहिलेल्या चुकीबद्दल आजवर कोणालाही कामावरून काढलेलं नाही.